पिल्लाचं माप

माझ्या कपाटाच्या मधल्या फळीवर मायासॉराची एक मादी उभी आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेबावीस सेंटीमीटर. खरी मायासॉरा सुमारे नऊ मीटर लांब असे, म्हणजे हे मॉडेल १:४० या प्रमाणात चोख बसतं. तिच्या पायाशी फुटलेल्या अंड्याजवळ सहा सेंटीमीटरचं एक पिल्लू आहे. दोन्ही मी एकाच दिवशी घेतली आणि वर्षभर त्यांच्याकडे मायलेकरं म्हणूनच पाहत होतो. मग एका रविवारी फूटपट्टी घेऊन बसलो. अंड्यातून नुकतं निघालेलं मायासॉराचं पिल्लू सुमारे ४५ सेंटीमीटर भरायचं. १:४० मध्ये ते जेमतेम ११ मिलिमीटर होतं, भिजवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढं. माझ्या फळीवरचं पिल्लू त्या मादीशेजारी खरं ठरायचं असेल, तर ते प्रत्यक्षात २.४ मीटर लांबीचं, घरटं सोडून बरेच दिवस झालेलं हवं. त्याचे गुबगुबीत पाय, फुगीर कपाळ आणि शेजारचं अंडं मात्र सांगत होतं की ते आजच जन्माला आलं आहे.

डायनोसॉरची पिल्लं जमवणाऱ्या कुणाच्याही फळीवर हा घोळ सापडेल. मोठ्या डायनोसॉरचं मॉडेल घेताना आपण जात कोणती आणि प्रमाण काय, एवढंच विचारतो. पिल्लाच्या बाबतीत वय किती, हा आणखी एक प्रश्न येतो आणि तो सुटल्याशिवाय आधीच्या दोन उत्तरांना अर्थ उरत नाही. पंधराएक वर्षं मी या छंदात आहे. पिल्लाच्या मॉडेलचा दर्जा रंगकामावर किंवा दातांच्या कोरीवपणावर ठरवू नये, ते आपल्या वयाशी किती प्रामाणिक आहे यावर ठरवावा, असं माझं मत बनलं आहे. पुढचा आढावा त्याच कसोटीवर घेतला आहे.

सुरुवातीला पिल्लं नव्हतीच. १८५४ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने प्राचीन प्राण्यांचे भव्य पुतळे उभे केले. त्यात डायनोसॉर चार होते: दोन इग्वानोडॉन, एक मेगालोसॉरस, एक हायलिओसॉरस. चारही पूर्ण वाढलेले. हॉकिन्सने त्यांच्या छोट्या प्रतिकृतीही विक्रीला काढल्या होत्या, आणि या छंदाचा उगम मी तिथेच मानतो. पुढे शतकभर तीच रीत चालू राहिली. अमेरिकेत १९५०च्या दशकात मार्क्स कंपनीचे एकरंगी प्लास्टिकचे डायनोसॉर घराघरांत पोचले. १९७४ पासून ब्रिटनच्या इन्व्हिक्टा कंपनीने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी १:४५ प्रमाणातली मॉडेलं काढली आणि खेळण्याला संग्रहालयाची शिस्त लागली. पण या सगळ्यांत डायनोसॉर म्हणजे मोठा प्राणी हेच गृहीत होतं. याचा दोष मूर्तिकारांवर टाकता येणार नाही, कारण शास्त्रज्ञांच्याच हाती पिल्लं फार थोडी आली होती.

चित्र बदललं ते १९७८ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बायनम नावाच्या छोट्या गावी मॅरियन ब्रँडव्होल्ड यांचं दगड आणि जीवाश्मांचं दुकान होतं. तिथे आलेल्या जीवाश्मशोधक जॅक हॉर्नर आणि बॉब माकेला यांना त्यांनी कॉफीच्या डब्यात ठेवलेली इवलीशी हाडं दाखवली. ती बदकचोच्या डायनोसॉरच्या पिल्लांची होती. ज्या टेकडीवर ती सापडली होती तिथे खोदल्यावर खोलगट घरटं निघालं आणि त्यात सुमारे मीटरभर लांबीची पिल्लं. अंड्यातून ४५ सेंटीमीटरचं बाहेर पडलेलं पिल्लू मीटरभर होईपर्यंत घरट्यातच असेल, तर त्याला कुणीतरी खाऊ घालत असणार, असा तर्क पुढे आला. १९७९ मध्ये त्या प्राण्याचं नाव ठेवलं मायासॉरा, म्हणजे चांगली आई. डायनोसॉरला बाळपण असतं ही कल्पना लोकांच्या मनात त्या घरट्यामुळे रुजली.

बाजाराला ते कळायला दहा वर्षं लागली. १९८८ मध्ये सफारी कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या मान्यतेने १:४० प्रमाणाची मालिका सुरू केली. घरट्यासह मायासॉरा आणि ॲपाटोसॉरसचं स्वतंत्र पिल्लू ही तिची सुरुवातीची आकर्षणं होती. त्याच वर्षी ‘द लँड बिफोर टाइम’ हा चित्रपट आला. त्याचा नायक लिटलफूट हे लांब मानेचं अनाथ पिल्लू होतं. एका बाजूला संग्रहालयाची मोजपट्टी आणि दुसऱ्या बाजूला रडवणारे मोठे डोळे. पिल्लांच्या मॉडेलांचे हे दोन प्रवाह तेव्हापासून शेजारी शेजारी वाहत आहेत, आणि बऱ्याचदा एकाच मूर्तीत मिसळलेले दिसतात. कार्नेगी मालिका २०१५ मध्ये बंद झाली. तिच्यातली जुनी मॉडेलं आजच्या मानाने ओबडधोबड वाटतात, तरी पोटाखाली प्रमाण छापण्याची तिची सवय मला अजूनही आदर्श वाटते.

मोठ्या डोळ्यांचा प्रवाह समजून घ्यायला हवा, कारण तो निव्वळ खोटा नाही. उंच कपाळ, मोठे डोळे, आखूड नाक, गोल गाल पाहिले की माणसाला माया वाटते, हे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झने १९४३ मध्ये मांडलं. आणि डायनोसॉरच्या पिल्लांचे डोळे कवटीच्या मानाने खरोखरच मोठे, तोंडं खरोखरच आखूड असत. मोंटानात सापडलेल्या डिप्लोडोकसच्या २४ सेंटीमीटरच्या कवटीचं वर्णन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या डिप्लोडोकसचं तोंड रुंद आणि पुढून चौकोनी, तर या पिल्लाचं अरुंद आणि आखूड. म्हणजे ते वेगळा चारा निवडून खात असावं. मूर्तिकाराने इथे मोठे डोळे, आखूड तोंड केलं तर ते बरोबरच आहे. बिघडतं ते पुढे. डोळे समोर येतात, ओठ हसतात, पायांना बाळसं धरतं. अशा मूर्तीला मी पिल्लू म्हणत नाही, बाहुली म्हणतो.

आता मापाकडे परत येतो, कारण सगळी अडचण तिथे आहे. हत्तीचं नवजात पिल्लू आईच्या खांद्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं उंच असतं, म्हणून हत्तीची मायलेकरं एका प्रमाणात सहज करता येतात. डायनोसॉर अंड्यातून निघायचे आणि अंड्याच्या आकाराला मर्यादा असते. अर्जेंटिनात सापडलेल्या मुसॉरसचं १९७९ मध्ये नामकरण झालं तेव्हा त्याची फक्त वीस-पंचवीस सेंटीमीटरची पिल्लंच माहीत होती, म्हणून त्याला ‘उंदीर-सरडा’ असं नाव मिळालं. पुढे कळलं की मोठेपणी तो सहा मीटरच्या पुढे जातो. १:४० मध्ये मोठा मुसॉरस १५ सेंटीमीटरचा होईल आणि पिल्लू सहा मिलिमीटरचं. सहा मिलिमीटरच्या पीव्हीसीच्या तुकड्यात बोटं, नाकपुड्या, पापण्या कुठून आणायच्या?

खेळण्यांचे सुरक्षा नियमही आड येतात. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं ठरलेलं आहे. त्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटीमीटर आणि तळ तिरका, म्हणून खोली २.५ पासून ५.७ सेंटीमीटरपर्यंत. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते, म्हणून ती त्या वयासाठी विकता येत नाही. खऱ्या प्रमाणातलं जवळजवळ प्रत्येक नवजात पिल्लू त्या नळकांड्यात मावतं. त्यामुळे कारखान्यापुढे रस्ते दोनच राहतात: पिल्लू घरट्याला जोडूनच साच्यातून काढायचं, किंवा ते फुगवायचं. बहुतेक जण फुगवतात.

फुगवलेलं पिल्लू चुकीचंच असतं असं नाही. त्याचं प्रमाण वेगळं आहे, एवढं मान्य केलं की ते खरं ठरू शकतं. माझं सहा सेंटीमीटरचं मायासॉराचं पिल्लू १:४० मध्ये खोटं आहे, पण १:७.५ मध्ये अगदी खरं आहे. मी त्याला आईच्या पायाशेजारून उचललं आणि वरच्या फळीवर मोठ्या प्रमाणाच्या मॉडेलांत ठेवलं. या छंदात नवीन येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: पिल्लू हातात आलं की आधी लांबी मोजा, मग त्या वयाच्या खऱ्या प्राण्याच्या लांबीला तिने भागा, येईल ते प्रमाण चिठ्ठीवर लिहून पोटाला चिकटवा. डब्यावर काय छापलंय ते नंतर वाचा.

काही पिल्लं अशीही आहेत, जी १:४० मध्येही सुरेख जमतात, कारण ती नवजात नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टात डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये २०१० मध्ये फिलिप करी यांना कॅस्मोसॉरसचं दीड मीटरचं पिल्लू सापडलं. पुढचे पाय सोडले तर सांगाडा जवळपास अखंड. १:४० मध्ये ते पावणेचार सेंटीमीटर होतं. अमेरिकेतल्या युटाहमध्ये २००९ साली एका शाळकरी मुलाच्या नजरेला पॅरासॉरोलोफसचं पिल्लू पडलं, आज ते ‘जो’ या नावाने ओळखलं जातं. वय एक वर्षाच्या आत, लांबी जेमतेम दोन मीटर, म्हणजे १:४० मध्ये पाच सेंटीमीटर. पॅरासॉरोलोफस म्हटलं की डोक्यामागे गेलेला लांब तुरा डोळ्यांसमोर येतो. जोच्या डोक्यावर नुसतं टेंगूळ आहे. तरी बाजारात मिळणाऱ्या या जातीच्या पिल्लांना बहुधा बापाचाच तुरा आखूड करून लावलेला असतो. प्रौढाचं संगणकातलं मॉडेल लहान करून डोळे वाढवायचे, हा आळशीपणा तुऱ्याच्या आणि शिंगांच्या डायनोसॉरांत ताबडतोब उघडा पडतो.

शिंगांचं सर्वांत चांगलं उदाहरण ट्रायसेराटॉप्स. जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी २००६ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या वयांच्या कवट्या ओळीने मांडून दाखवल्या. सर्वांत लहान कवटी जेमतेम ३० सेंटीमीटरची, मोठ्यांची दोन मीटरच्या पुढे. तान्ह्याच्या भुवईवर आखूड खुंट असतात. किशोरवयात शिंगं वाढतात आणि मागे वळतात. मोठेपणी तीच पुढे वळतात. मानेमागच्या झालरीच्या कडेला पिल्लूपणी त्रिकोणी टोकं उठून दिसतात आणि म्हातारपणापर्यंत ती सपाट होऊन हाडात मिसळून जातात. बोझमनच्या म्युझियम ऑफ द रॉकीजमध्ये ही वाढ कवट्यांच्या रांगेतून पाहता येते. संग्राहकाला यातून हाती लागते एक तपासणी, जी दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात होते. ‘बेबी ट्रायसेराटॉप्स’ असं लिहिलेल्या मूर्तीची शिंगं पुढे वळलेली असतील, तर तो लहान चणीचा प्रौढ आहे, पिल्लू नव्हे. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक या तपासणीत नापास झाली.

चालही वयाबरोबर बदलते. चीनमधल्या सिटाकोसॉरसच्या हाडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २०१३ मध्ये असं दाखवलं गेलं की पिल्लूपणी हातपाय जवळजवळ सारखे असल्याने तो चार पायांवर चालायचा. पुढे मागचे पाय झपाट्याने वाढले आणि तो दोन पायांवर उभा राहिला. मुसॉरसचंही तसंच. रांगणाऱ्या बाळाचं उभं राहणं आपण घरोघरी पाहतो, इथे ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हाडांत वाचता येतं. तरी दोन पायांवर ताठ उभं असलेलं सिटाकोसॉरसचं नवजात पिल्लू अजून विकलं जातं.

या नियमाला एक गोड अपवाद आहे. मादागास्करमधल्या रापेटोसॉरस या टायटॅनोसॉरचं पिल्लू २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मेलं तेव्हा त्याचं वय ३९ ते ७७ दिवसांच्या दरम्यान होतं, वजन सुमारे ४० किलो. त्याच्या पायांच्या हाडांची आपसातली प्रमाणं मोठ्यांसारखीच निघाली. जन्मल्यापासून स्वतःच्या पायांवर हिंडणारं, आईच्या आधाराची फारशी गरज नसलेलं असं ते पिल्लू. म्हणजे टायटॅनोसॉरच्या पिल्लाचे पाय प्रौढासारखे करणारा मूर्तिकार नकळत बरोबर ठरतो.

काही वेळा चूक मूर्तिकाराची नसते, नावाचीच असते. पॅकिसेफॅलोसॉरस हा घुमटासारख्या जाड टाळूचा डायनोसॉर. १९८३ मध्ये स्टिगिमोलोक आणि २००६ मध्ये ड्रॅकोरेक्स अशी त्याच्या नात्यातली आणखी दोन नावं आली, एक काटेरी डोक्याचा आणि दुसरा सपाट डोक्याचा. २००९ मध्ये हॉर्नर आणि गुडविन यांनी मांडलं की हे तीन प्राणी नसून एकाच प्राण्याची तीन वयं आहेत. दुकानात तिन्ही नावांची मॉडेलं वेगवेगळी मिळतात. माझ्याकडे तिन्ही होती, तीन कोपऱ्यांत. त्यांना मी एका रांगेत आणलं तेव्हा माझा संग्रह पहिल्यांदा मला कुटुंबासारखा दिसला. तीन जातींचे पैसे देऊन मी एका प्राण्याचं आयुष्य विकत घेतलं होतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटलं.

टायरॅनोसॉरसच्या बाबतीत उलटं घडलं, तेही अगदी अलीकडे. इलिनॉयमधल्या बर्पी संग्रहालयात ‘जेन’ नावाचा साडेसहा मीटरचा सांगाडा आहे. लांब सडसडीत पाय, अरुंद तोंड. तो किशोरवयीन टी-रेक्स की नॅनोटायरॅनस नावाचा वेगळा, लहान प्राणी, हा वाद कित्येक वर्षं चालला. २०२० मध्ये हाडांच्या कापांवरून जेन वाढीच्या वयातली, तेरा वर्षांच्या आसपासची ठरली, आणि टी-रेक्सच्या बाजूचं पारडं जड झालं. तरुण टी-रेक्सची कितीतरी चांगली मॉडेलं याच बांध्यावर घडली. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नेपोली यांनी नॉर्थ कॅरोलायनात ठेवलेल्या ‘ड्युएलिंग डायनोसॉर्स’ या जीवाश्मजोडीतला छोटा शिकारी पूर्ण वाढलेला असल्याचं दाखवलं. तो टी-रेक्सचं पोर नव्हता, नॅनोटायरॅनस होता. जेनलाही त्यांनी नॅनोटायरॅनसमध्येच टाकलं आणि तिच्यासाठी वेगळी जात नेमली.

या बातमीने संग्राहकाच्या फळीवर काय होतं ते सांगतो. माझ्याकडे सोळा सेंटीमीटरचा एक तरुण टी-रेक्स आहे, १:४० मध्ये बरोबर जेनच्या मापाचा. लॉस एंजेलिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात २०११ पासून टी-रेक्सची बालक, किशोर आणि तरुण अशी तीन सांगाड्यांची मांडणी आहे. तिच्या धर्तीवर मी एक रांग लावली होती: सव्वाआठ सेंटीमीटर, सोळा सेंटीमीटर, सव्वीस सेंटीमीटर. मधला आता रांगेतून बाहेर आला. तरी मी तो काढून टाकलेला नाही. चिठ्ठीवरचं जुनं नाव खोडून खाली नवीन लिहिलं, जुनं वाचता येईल असं. टी-रेक्सच्या किशोरवयाची आपली समजूत कुठून आली आणि कुठे हलली, हे त्या एका चिठ्ठीवर दिसतं. चौदा ते अठरा या वयात टी-रेक्सचं वजन दिवसाला सुमारे दोन किलोने वाढत असे, असं २००४ मधला हाडांचा अभ्यास सांगतो. त्या वेगाची मधली पायरी दाखवणारं मॉडेल आता नव्याने घडवावं लागेल.

नवजात टी-रेक्सचं चित्र मात्र स्पष्ट होत चाललं आहे. अल्बर्टा आणि मोंटानात सापडलेल्या टायरॅनोसॉर कुळातल्या भ्रूणांच्या हाडांवरून नवजात पिल्लाची लांबी मीटरभर धरली जाते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने २०१९ च्या प्रदर्शनात पिसांनी मढलेली, टर्कीएवढी पिल्लं मांडली होती. लव असलेलं पिल्लू आणि खवल्यांचा प्रौढ हा फरक दाखवायला मूर्तिकार अजून बिचकतात. रंगांतही तेच. पिल्लू बहुधा आईच्याच रंगात रंगवलेलं असतं. आपल्याकडच्या रानडुकराची पिल्लं पट्टेरी असतात आणि मोठेपणी ते पट्टे जातात, हे रानाजवळ राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. लपून जगणाऱ्या पिल्लाला पट्टे किंवा ठिपके देणं हा तर्कच आहे, पुरावा नाही, पण आईच्या रंगाची नक्कल करण्यापेक्षा तो तर्क मला चांगला वाटतो.

घरट्यांच्या मॉडेलांत सर्वांत मोठा अन्याय ओव्हिरॅप्टरवर झाला. १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला मंगोलियाच्या लाल कड्यांत अंडी मिळाली. ती प्रोटोसेराटॉप्सची समजली गेली आणि त्यांच्यावर पडलेल्या प्राण्याचं नाव १९२४ मध्ये ‘अंडीचोर’ असं ठेवलं. सत्तर वर्षं कित्येक मूर्तींनी त्याच्या हातात चोरलेलं अंडं दिलं. १९९३ मध्ये मार्क नॉरेल यांच्या तुकडीला मंगोलियातच तशाच अंड्यात भ्रूण सापडला, तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला. चोर ठरवलेला प्राणी अंड्यांवर बसलेला पालक होता. त्या कुळातल्या एका जातीला पुढे सिटिपाटी हे नाव मिळालं. ते मूळचं संस्कृत ‘चितिपती’, चितेचा स्वामी. हातात अंडं असलेला जुना ओव्हिरॅप्टर माझ्याकडे आहे, पण नवोदिताने अंड्यांवर पंख पसरून बसलेलाच घ्यावा. २०२१ मध्ये चीनच्या गांझोउ इथला याच कुळातला ‘बेबी यिंगलियांग’ हा भ्रूण जगापुढे आला. त्याचं डोकं पोटाशी आणि पाठ अंड्याच्या बोथट टोकाकडे वळलेली, अंडं फोडण्याआधीच्या पक्ष्याच्या पिल्लासारखी. भ्रूणाचं मॉडेल घेताना ही बैठक जरूर पाहावी.

आता बाजाराबद्दल थोडक्यात. जर्मनीच्या श्लाइखची पिल्लं टिकाऊ आहेत आणि मुलांच्या हातात द्यायला उत्तम, पण वयाच्या कसोटीवर सहसा टिकत नाहीत. फ्रान्सच्या पापोचं त्वचेचं काम देखणं असतं, शरीररचना चित्रपटांच्या वळणाची. कलेक्टा आणि सफारी अभ्यासकांचं जास्त ऐकतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. बीजिंगच्या पीएनएसओने प्रत्येक मॉडेलला नाव द्यायची प्रथा पाडली, त्यांचा छोटा टी-रेक्स ‘ॲरन’ पुष्कळांच्या टेबलावर दिसतो. जपानच्या काइयोडो कंपनीने २००१ मध्ये चॉकलेटसोबत दिलेल्या डायनोसॉरांनी तीन-चार सेंटीमीटरमध्ये केवढं काम मावतं ते दाखवून दिलं. त्यांचे मूर्तिकार शिनोबू मात्सुमुरा यांचा हात या क्षेत्रात मी सर्वांत वर मानतो. चित्रपटांच्या बाजूने १९९३ च्या केनर कंपनीच्या मालिकेपासून आजपर्यंत पिल्लं येतच राहिली. त्यांच्यावर प्रेम करावं, मोजमाप करू नये.

माझं झुकतं माप जाईल ते डेव्हिड सिल्वा यांच्या ‘बीस्ट्स ऑफ द मेसोझोइक’कडे. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालेल्या या मालिकेत छोटे शिकारी डायनोसॉर १:६ मध्ये केले आणि त्यांच्यासोबत घरट्यातली पिल्लंही दिली. मोठं प्रमाण निवडल्यामुळे पिल्लाला फुगवावं लागलंच नाही. प्राणी मोठा असेल तर प्रमाण लहान घ्यायचं आणि पिल्लू आईशेजारी बसवता येत नाही म्हणून रडायचं, त्यापेक्षा जातच छोटी निवडावी हा साधा मार्ग आहे. प्रोटोसेराटॉप्स, सिटाकोसॉरस, व्हेलोसिरॅप्टर यांची मायलेकरं १:१० मध्येही प्रामाणिक राहू शकतात. दुसरा मार्ग थ्रीडी प्रिंटरचा. रेझिनच्या प्रिंटरवर सेंटीमीटरभर पिल्लाच्या पापण्याही उमटतात. कारखान्यांनी चाळीस वर्षं टाळलेली खऱ्या मापाची पिल्लं आता हौशी लोक घरी काढत आहेत.

जपणुकीबद्दल एकच सांगतो, कारण मी नागपूरला राहतो. पीव्हीसी उन्हाळ्यात मऊ पडतं. दोन पायांवर उभी पिल्लं मे महिन्यात पुढे झुकतात. बारीक घोट्यांमुळे हा त्रास मोठ्यांपेक्षा पिल्लांना जास्त होतो. झुकलेलं मॉडेल मिनिटभर कडक पाण्यात धरावं, पाय हाताने सरळ करावेत आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवावं. जोर लावून थंड प्लास्टिक वाकवू नये.

नागपूरचं नाव आलं म्हणून शेवटी घराजवळची गोष्ट. गुजरातच्या खेडा भागातल्या ढोली डुंगरी इथे १९८०च्या दशकात धनंजय मोहबे यांना टायटॅनोसॉरची अंडी आणि पिल्लाची हाडं सापडली. मोहबे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातले. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला तेव्हा त्यात सापाचे मणकेही असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. २०१० मध्ये शोधनिबंध आला: साडेतीन मीटरचा सनाजेह इंडिकस हा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, आणि शेजारी अर्ध्या मीटरचं नवजात पिल्लू. सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा हा क्षण घरट्यावर गाळ कोसळून जसाच्या तसा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी प्रसिद्ध झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यालाही त्याच काळातल्या टायटॅनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. डायनोसॉरच्या पिल्लांच्या जन्मभूमींपैकी एक थोर भूमी आपल्या उंबऱ्याशी आहे. आपल्याकडच्या राजासॉरस या डायनोसॉरची मॉडेलं निघाली, पण आपली पिल्लं दुकानांत दिसत नाहीत.

आमच्या नागपूरच्या चितार ओळीत आणि पेणला मातीत जीव आणणारे हात आहेत. त्यांना माझी विनंती आहे की ढोली डुंगरीचं ते घरटं घडवावं. प्रमाण १:१० घ्यावं. साप ३५ सेंटीमीटरचा, वेटोळ्यात. अंडी १.६ सेंटीमीटरची. पिल्लू पाच सेंटीमीटरचं, पाय मोठ्यांसारखे, तोंड आखूड, डोळे बाजूला. आणि तळाशी कोरावं: टायटॅनोसॉर, वय एक दिवस.